एक प्लेट मिसळ आणि आठ स्वभाव : प्रत्येक सोशल मीडियावर माणूस वेगळाच का वागतो?

रविवारची सकाळ. समोर मिसळीची प्लेट. खाणारा माणूस एक, प्लेट एक, मोबाईलही एकच. पण हीच मिसळ वेगवेगळ्या ॲपवर गेली की काय होतं ते बघा.

फेसबुक : "बऱ्याच दिवसांनी सहकुटुंब मिसळ. पूर्वीची चव राहिली नाही." सोबत सतरा फोटो, त्यातले चार हललेले. खाली आत्याची कमेंट, "छान. पण तिखट जपून खा."

इन्स्टाग्राम : मिसळ केव्हाच गार झालीये, पण तर्रीवर उजेड काय पडलाय!

एक्स : "मिसळीत पोहे घालणाऱ्यांशी मैत्री ठेवू नये." संध्याकाळपर्यंत पुणे, नाशिक आणि कोल्हापूर एकमेकांच्या अंगावर.

लिंक्डइन : "आज एका मिसळवाल्या काकांनी मला नेतृत्वाचे पाच धडे दिले."

व्हॉट्सॲप : "मोड आलेल्या मटकीचे २१ फायदे. डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा."

यूट्यूब : "नमस्कार मंडळी, तुमचं पुन्हा एकदा स्वागत." मिसळ सहाव्या मिनिटाला दिसते.

टेलिग्राम : "मिसळ_फायनल_सुधारित_२.पीडीएफ"

स्नॅपचॅट : मिसळ नाहीच. प्लेटचा अर्धा कोपरा, अर्धं कपाळ आणि "स्ट्रीक".

हे वाचताना तुम्हाला ओळखीचं कुणी ना कुणी आठवलं असेल. पण कधी विचार केलाय, की प्रत्येक ॲपला माणसासारखा स्वभाव कुठून येतो? आणि त्याची मस्करी कधीपासून सुरू झाली?

ही मस्करी आली कुठून?

प्रकार जुना आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतून एका पांढऱ्या फळ्याचा फोटो जगभर फिरला होता. त्यावर एकाच डोनटबद्दल प्रत्येक सोशल मीडियावर काय लिहिलं जाईल, हे एकेका ओळीत मांडलं होतं. त्यानंतर डोनटच्या जागी कॉफी आली, मांजर आलं, प्रत्येक देशाने आपापला पदार्थ घातला.

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकन गायिका डॉली पार्टन यांनी स्वतःचे चार फोटो एकत्र टाकले. लिंक्डइनसाठी एक, फेसबुकसाठी एक, इन्स्टाग्रामसाठी एक आणि टिंडर या डेटिंग ॲपसाठी एक. माणूस एकच, पण चार चेहरे. बघता बघता सेलिब्रिटींपासून सामान्य लोकांपर्यंत सगळ्यांनी आपले असे चार फोटो टाकले. न समजावता सगळ्यांना विनोद कळला, कारण सगळेच हे रोज करत होते.

आता एकेकाची ओळख करून घेऊ.

फेसबुक : लग्नाच्या हॉलमधले काका

फेसबुक म्हणजे लग्नाचा हॉल. शाळेतला मित्र, जुना शेजारी, बायकोचा मामेभाऊ, सगळे एकाच पंगतीला. काका प्रत्येकाला थांबवून विचारतात, "ओळखलंस का?" आणि दहा वर्षांपूर्वीचा फोटो काढून दाखवतात.

४ फेब्रुवारी २००४ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉस्टेलमधून फेसबुक सुरू झालं, तेव्हा ते फक्त कॉलेजच्या पोरांसाठी होतं. सप्टेंबर २००६ मध्ये १३ वर्षांवरच्या सगळ्यांसाठी दार उघडलं आणि हळूहळू पोरांचे आईवडील आत आले. आईवडील आल्यावर पोरं बाहेर पडतात, हा नियम जगात सगळीकडे सारखा आहे.

इथे खरं नाव लागतं, ओळखीची माणसं लागतात आणि मित्रांची मर्यादा ५,००० आहे. त्यामुळे वागणं लग्नातल्यासारखं. वाढदिवसाला शुभेच्छा, निधनाला श्रद्धांजली आणि मधल्या वेळेत राजकारण. २०१८ मध्ये फेसबुकने ज्या पोस्टवर लोक जास्त बोलतात, त्या जास्त दाखवायचं ठरवलं. हेतू असा सांगितला, की मित्र आणि कुटुंब जवळ यावं. पण लोक सगळ्यात जास्त कधी बोलतात? भांडताना. या बदलामुळे चिडचिड वाढतेय, हे कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्याही लक्षात आलं होतं, असं २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदपत्रांमधून दिसलं.

व्हॉट्सॲप : सोसायटीचे सेक्रेटरी

पहाटे साडेपाचला उठतात, गुलाबाच्या फुलावर सुविचार चिकटवतात आणि १४ ग्रुपवर टाकतात. निळी टिक दिसूनही उत्तर आलं नाही, तर त्यांना ते लागतं. ग्रुप "फक्त पाण्याच्या वेळेसाठी" असतो, आणि त्यात पाण्याची वेळ सोडून सगळं असतं.

सुविचारांची ही गोष्ट थेट अमेरिकेपर्यंत पोहोचली होती. जानेवारी २०१८ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने बातमी दिली, की भारतीयांचे फोन सतत का भरतात हे गुगलच्या संशोधकांनी शोधलं, तेव्हा त्यात 'गुड मॉर्निंग'च्या चित्रांचा मोठा वाटा निघाला.

व्हॉट्सॲप २००९ मध्ये जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी सुरू केलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ते १९ अब्ज डॉलरना घेतल्याचं जाहीर केलं. निळ्या टिका नोव्हेंबर २०१४ मध्ये आल्या आणि त्याच दिवसापासून "मेसेज बघितला होतास ना?" हा घरगुती वादाचा नवा विषय जन्माला आला.

इथली खरी गंमत वेगळी आहे. बाकीच्या ॲपवर काय दिसावं, हे कंपनीचं गणित ठरवतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ते गणित माणसंच करतात. मेसेज मामाने पाठवलाय, म्हणजे खरा असणार. मामाला तो कुणी पाठवला, हे मामालाही माहीत नसतं.

इन्स्टाग्राम : आरशासमोरून न हलणारी चुलत बहीण

निघायला उशीर होतोय, रिक्षा खाली थांबलीये, पण "एकच, शेवटचा" फोटो चालू आहे. तिच्या घरात पसारा नाही, चहाला साय नाही, आयुष्यात सोमवार नाही.

ऑक्टोबर २०१० मध्ये आलेल्या इन्स्टाग्रामवर सुरुवातीला फक्त चौकोनी फोटो टाकता यायचे आणि त्यावर फिल्टर लावता यायचे. साधा फोटो सुंदर करून दाखवायचा, हाच त्याचा पाया. स्वभाव तिथेच ठरला. २०१२ मध्ये फेसबुकने ते एक अब्ज डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं. २०१६ मध्ये स्नॅपचॅटसारख्या 'स्टोरीज' आल्या. भारताने २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली आणि त्यानंतर दहा दिवसांच्या आत भारतात 'रील्स' हजर झाले. गोठ्यात, बांधावर, एसटी स्टँडवर व्हिडिओ करणारे अनेक जण चुलत बहिणीच्या घरी मुक्कामाला आले. ती जरा नाक मुरडते, पण आता घर त्यांच्यामुळेच चालतं.

एक्स : टपरीवरचा कायम तापलेला माणूस

त्याला कुणी काही विचारलेलं नसतं, तरी तो उत्तर देतो. "आज हवा छान आहे" म्हटलं, तर "म्हणजे काल वाईट होती असं म्हणायचंय का?" असं विचारतो. वर तुम्ही २०१३ मध्ये काय म्हणाला होतात, तेही त्याच्याकडे स्क्रीनशॉटसकट असतं.

२००६ मध्ये ट्विटर म्हणून हा जन्माला आला, तेव्हा मजकूर एसएमएसवरून जायचा. एसएमएसची मर्यादा १६० अक्षरं. त्यातली २० नावासाठी ठेवली, उरली १४०. एवढ्या जागेत "एका बाजूने बघितलं तर असं, पण दुसऱ्या बाजूने" असं म्हणता येत नाही. थेट निकाल द्यावा लागतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये मर्यादा २८० झाली, पण तोवर सवय लागली होती.

२००९ मध्ये 'रिट्वीट'चं बटण आलं. ते बनवणाऱ्या टीमचे प्रमुख ख्रिस वेदरेल यांनी २०१९ च्या एका मुलाखतीत खंत व्यक्त केली. चार वर्षांच्या मुलाच्या हातात भरलेलं शस्त्र दिल्यासारखं झालं असावं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एमआयटीच्या संशोधकांचा अभ्यास आला. २००६ ते २०१७ या काळातल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्या त्यांनी तपासल्या. खोटी बातमी रिट्वीट होण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. कारण खोटी बातमी जास्त नवी आणि धक्कादायक वाटते. पसरवणारे प्रामुख्याने रोबो नव्हते, माणसंच होती.

ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ट्विटर घेतलं, जुलै २०२३ मध्ये नाव 'एक्स' केलं. टपरीची पाटी बदलली, गिऱ्हाईक तेच.

लिंक्डइन : मुलाखतीच्या शर्टात झोपणारा दादा

याला काहीही झालं, तरी ते "कळवण्यास अत्यंत आनंद होतो". नोकरी लागली, आनंद. सुटली, तरी "प्रवासाबद्दल कृतज्ञ". ट्रॅफिकमध्ये अडकला, तर त्यातून संघभावना शिकतो. प्रत्येक वाक्यानंतर एक ओळ मोकळी सोडतो, म्हणजे वाक्य खोल वाटतं.

मे २००३ मध्ये सुरू झालेलं लिंक्डइन फेसबुकपेक्षाही जुनं आहे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला. इथे भांडणं कमी होतात, याचं कारण संस्कार नाही. इथे आजचा साहेब, उद्याचा साहेब आणि एचआर एकाच खोलीत बसलेले असतात. शिवाय तुमचं प्रोफाइल कुणी बघितलं, हेही ॲप चुगली करून सांगतं.

यूट्यूब : विषयावर यायला वेळ लावणारे क्लासचे सर

सरांना सगळं येतं. गळका नळ, घटस्फोट, घेवड्याची भाजी, जीएसटी. पण विषयावर येण्याआधी "घंटी दाबायला विसरू नका".

१४ फेब्रुवारी २००५ रोजी यूट्यूबचं नाव नोंदवलं गेलं आणि २३ एप्रिलला पहिला व्हिडिओ आला. प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींसमोर उभा असलेला संस्थापक जावेद करीम, कालावधी १९ सेकंद. तेव्हा सर मुद्द्याचं बोलायचे. २०१२ मध्ये यूट्यूबने व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा किती वेळ बघितला, याला महत्त्व द्यायला सुरुवात केली. पुढे २०२० पासून आठ मिनिटांच्या व्हिडिओलाही मध्येच जाहिराती लावता येऊ लागल्या, आधी ही अट दहा मिनिटांची होती. आता कळलं, मिसळीच्या व्हिडिओत आधी मिसळीचा इतिहास का असतो ते?

टेलिग्राम आणि स्नॅपचॅट : झेरॉक्सवाला आणि कॉलेजचा भाचा

टेलिग्राम २०१३ मध्ये पावेल आणि निकोलाय दुरोव या भावांनी सुरू केलं. एका ग्रुपमध्ये दोन लाख माणसं मावतात आणि मोठ्या फायली सहज जातात. म्हणून तो कॉलेजसमोरचा झेरॉक्सवाला झालाय. स्पर्धा परीक्षेच्या नोट्स मागा, मिळतील. परवा लागलेला सिनेमा मागा, तो इकडेतिकडे बघून हळूच काढेल. ती चोरी आहे, हे दोघांनाही माहीत असतं.

स्नॅपचॅट २०११ चं. पाठवलेलं बघितलं की गायब, हा त्याचा पाया. भाचा मामाशी महिनाभर बोलत नाही, पण मित्राला २४ तासांच्या आत छताचा फोटो पाठवायला चुकत नाही, कारण चुकला तर 'स्ट्रीक' तुटते.

आणि जे आज आपल्यात नाहीत

भारतात आणि ब्राझीलमध्ये प्रचंड गाजलेलं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. "स्क्रॅप टाक ना" म्हणणारी पिढी आता मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर आहे. २०२० मध्ये आलेला आणि मराठीतही किलबिल करणारा भारतीय 'कू' जुलै २०२४ मध्ये थांबला.

मग हा स्वभाव ठरतो कसा?

चार गोष्टींवरून.

पहिली, जागा किती आहे. १४० अक्षरांत निकाल लागतो, १५ मिनिटांत भाषण होतं.

दुसरी, समोर कोण बसलंय. आत्या असेल तर माणूस नम्र होतो, साहेब असेल तर प्रेरणादायी, अनोळखी असेल तर शूर.

तिसरी, काय मोजलं जातं. लाइक मोजले तर लोक छान दिसतात, कमेंट मोजल्या तर भांडतात, मिनिटं मोजली तर पाल्हाळ लावतात.

चौथी, पैसा कुठून येतो. यातली बरीच ॲप जाहिरातींवर चालतात. तुम्ही जितका वेळ थांबाल, तितक्या जाहिराती. खाली सरकवत राहिलं तरी पान कधी संपतच नाही, ही सोय २००६ मध्ये तयार करणाऱ्या एझा रास्किन यांनीही नंतर त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केलाय.

माणूस जागेनुसार बदलतो, यात नवं काही नाही. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५० च्या दशकातच मांडलं होतं, की रोजच्या जगण्यात आपण समोरचे प्रेक्षक बघून भूमिका करतो. ऑफिसात एक, घरात एक, मित्रांत तिसरी. सोशल मीडियाने केलं काय, तर या खोल्यांमधल्या भिंती पाडल्या. मित्रांसाठी बोललेलं वाक्य साहेबांना, शेजाऱ्यांना आणि अनोळखी जमावाला एकाच वेळी ऐकू जायला लागलं.

आणि इथे मस्करी थांबते.

एक लाइक आणि एक फॉरवर्ड

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरमधल्या एका २१ वर्षांच्या मुलीने या बंदबद्दल फेसबुकवर आपलं मत लिहिलं. तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींनाही अटक झाली. त्यांना जामीन मिळाला, पुढे प्रकरणही बंद झालं. पण मैत्रिणींच्या गप्पांमधलं एक वाक्य आणि एक अंगठा पोलीस ठाण्यापर्यंत जाऊ शकतो, हे देशाने पाहिलं. यानंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं.

दुसरी घटना १ जुलै २०१८ ची. मुलं पळवणारी टोळी आलीये, असे मेसेज आणि व्हिडिओ तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होते. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी त्या दिवशी आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले पाच जण तिथे आले होते. त्यातले बहुतेक मूळ सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागून जगणारे. जमावाला संशय आला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण झाली. पाचही जण मेले.

ते मेसेज फॉरवर्ड करणाऱ्या बहुतेकांना वाटलं असणार, की आपण काळजीपोटी करतोय. सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याची वेळ कळवतात, त्याच काळजीने.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने 'फॉरवर्डेड' ही खूण आणली आणि भारतात एका वेळी फक्त पाच चॅटवर फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. त्यानंतर काही आठवड्यांतच असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीने सांगितलं. बटणाची जागा बदलली, की माणसांचं वागणंही बदलतं, याचा हा पुरावाच.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

मेसेजवर दुहेरी बाण दिसला, तर तो पाच किंवा जास्त हातांमधून आलाय. पाठवणारा मामा असला, तरी लिहिणारा मामा नाही. असा मेसेज पुढे ढकलण्याआधी बातम्यांमध्ये किंवा पोलिसांच्या अधिकृत खात्यावर शोधा. सापडला नाही, तर तिथेच थांबवा.

ग्रुपचे ॲडमिन असाल, तर हेही माहीत असू द्या. दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, त्यासाठी दोघांचा समान हेतू किंवा आधीच ठरलेला कट दिसावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. तरीही अफवा दिसली तर ती काढून टाकणं आणि ग्रुपवर तसं सांगणं तुमच्या हातात आहे.

आणि कुठेही लिहिण्याआधी एकदा खोलीत कोण कोण बसलंय, याची कल्पना करा. आत्या, साहेब, टपरीवरचा तो माणूस आणि २०३५ मध्ये स्क्रीनशॉट काढून दाखवणारा कुणीतरी. या सगळ्यांसमोर बोलता येईल ते बिनधास्त टाका.

मिसळीचा फोटो कुठे टाकायचा हे ठरत नसेल, तर ती आधी खाऊन घ्या. गार होतेय.